घंटा वाजली पाहिजे आणि दारही उघडले पाहिजे
उरवड्याच्या आगीनंतर आपण काय शिकलो? फायर अलार्म कसा चालतो, कुठे फसतो आणि कामगाराने काय विचारावे

७ जून २०२१, सोमवार. मुळशी तालुक्यातील पिरंगुटजवळच्या उरवडे येथे एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीत दुपारी आग लागली. पाणी शुद्धीकरणासाठी लागणारी क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादने तिथे तयार होत. पॅकिंगच्या भागात काम करणाऱ्या महिला धुरात अडकल्या. त्यांना बाहेर काढण्यासाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली. १७ कामगार गेले, त्यांत १५ महिला होत्या. मृतदेह ओळखण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली.

पुढे जे नेहमी होते ते झाले. राज्य सरकारने ५ लाखांची मदत जाहीर केली, केंद्राने २ लाखांची. चौकशी समिती नेमली गेली, मालकाला अटक झाली, वर्तमानपत्रांत काही दिवस बातम्या आल्या. मग पिरंगुटच्या रस्त्यावर शिफ्टच्या गाड्या पुन्हा धावू लागल्या.

मुळशी तालुका आपल्याला दोन टोके दाखवतो. याच तालुक्यात हिंजवडी आहे. तिथल्या काचेच्या इमारतीत छतावर दर काही फुटांवर पांढरी गोल डबी बसवलेली असते, जिन्याजवळ लाल पेटी असते, ठरलेल्या दिवशी भोंगा वाजतो आणि सगळे कर्मचारी खाली मैदानात जमतात. त्याच तालुक्यात डोंगराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या वस्तीतल्या ताई रोजंदारीवर पॅकिंगला जातात. हिंजवडीतल्या इंजिनिअरच्या आणि शेडमधल्या ताईच्या जिवाची किंमत वेगळी आहे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. मग फरक कुठे पडतो? तो समजण्यासाठी आधी ती पांढरी डबी आणि लाल पेटी नेमके काय करतात हे समजून घेऊ. यंत्रणा ठाऊक असेल तर प्रश्न विचारता येतो. ठाऊक नसेल तर भिंतीवर लाल डबा दिसला की आपण समाधानी होतो.

आग दिसण्याआधी धूर मारतो

आगीत माणूस ज्वाळेने मरतो असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तो त्याआधी धुराने बेशुद्ध पडलेला असतो. प्लास्टिक, फोम, पुठ्ठा, रंग जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही. गरम धूर आधी छताला जाऊन साठतो आणि मग थराथराने खाली उतरतो. तो डोक्याच्या उंचीवर आला की डोळे उघडे ठेवता येत नाहीत, दार कुठे ते कळत नाही. झोपलेल्या माणसाची अवस्था त्याहून वाईट असते. धुराच्या वासाने जाग येईल हा भरवसा खोटा आहे. वासाने जाग येण्याऐवजी गुंगी वाढण्याचीच शक्यता जास्त.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात हेच घडले. परिचारिकेने दार उघडले तेव्हा आत धूर भरलेला होता. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. हाक मारू न शकणाऱ्या, उठून पळू न शकणाऱ्या जिवांच्या खोलीत धुराची पहिली खबर माणसाच्या डोळ्यांनी लागणे म्हणजे खबर उशिरा लागणे.

फायर अलार्मचे काम एवढेच. आग विझवणे हे त्याचे काम नाही. माणसाला कळण्याआधी आग ओळखायची आणि सगळ्यांना एकाच वेळी सांगायचे. तो आपल्याला काही मिनिटे मिळवून देतो. त्या मिनिटांचे काय करायचे ते दार, जिना आणि सराव ठरवतात.

छतावरची पांढरी डबी

विहारात सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि अगरबत्तीचा धूर त्यात शिरला की तिरीप एकदम उठून दिसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धुराचे कण प्रकाश इकडेतिकडे उधळतात म्हणून तसे होते. आज सर्वाधिक वापरला जाणारा स्मोक डिटेक्टर याच तत्त्वावर चालतो. डबीच्या आत एक काळी कोठडी असते. तिच्यात एक छोटा दिवा आणि प्रकाश ओळखणारा एक डोळा अशा कोनात बसवलेले असतात की दिव्याचा प्रकाश थेट डोळ्यावर पडत नाही. हवा स्वच्छ असेल तर डोळ्याला अंधार दिसतो. धूर शिरला की प्रकाश उधळतो, थोडा डोळ्यावर पडतो आणि डबी इशारा देते.

पण धूळ, वाफ, कोळी, झुरळ यांनीही प्रकाश उधळतो. म्हणून स्वयंपाकघरात, बॉयलरजवळ, धुळीच्या कामाच्या जागी स्मोक डिटेक्टर लावला की तो सारखा खोटा वाजतो. अशा जागी हीट डिटेक्टर लावतात. तो दोन प्रकारे काम करतो. एक प्रकार ठरलेल्या तापमानाला, साधारण ५७ अंश सेल्सिअसच्या आसपास, इशारा देतो. दुसरा प्रकार तापमान किती वेगाने चढते ते पाहतो. मिनिटाला आठ-नऊ अंशांनी पारा चढू लागला की तो समजतो, ही उन्हाची उष्णता नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली छताजवळ किती तापते हे तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. म्हणून अशा शेडमध्ये कोणत्या तापमानाचा डिटेक्टर बसवायचा ते जागा पाहूनच ठरवावे लागते.

उंच शेडचा आणखी एक प्रश्न आहे. धूर वर जाताना थंड होतो आणि छतापर्यंत पोहोचण्याआधीच मध्ये थांबतो. डबी छताला असते आणि धूर तिच्या खाली तरंगत राहतो. तिथे बीम डिटेक्टर लावतात. एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर अदृश्य किरण सोडलेला असतो आणि धूर मध्ये आला की किरण मंदावतो.

अल्कोहोलचे प्रकरण वेगळेच आहे. कोविडच्या काळात जागोजागी सॅनिटायझर भरले आणि साठवले गेले. इथेनॉलची ज्योत फिकट निळसर असते, दिवसाच्या उजेडात ती धड दिसत नाही आणि सुरुवातीला धूरही फारसा होत नाही. तिथे धुराची वाट पाहणाऱ्या डबीचा उपयोग कमी. ज्योतीतून निघणारे अतिनील आणि अवरक्त किरण ओळखणारा फ्लेम डिटेक्टर लागतो. साध्या धुराची डबी एखाद्या कार्यालयाला पुरेल, पण तीच रसायनांच्या गोदामाला पुरेलच असे नाही. ‘आमच्याकडे डिटेक्टर आहेत’ या उत्तरावर म्हणूनच थांबायचे नाही. ‘इथे जे साठवले आहे त्याला योग्य असे आहेत का?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा.

लाल पेटी आणि पॅनेल

यंत्र चुकू शकते. म्हणून माणसाच्या हातात लाल पेटी दिलेली असते. ‘काच फोडा’ असे लिहिलेली ही पेटी म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट. ती जिन्याजवळ आणि बाहेर पडण्याच्या दाराजवळ, सहज हात पोहोचेल अशा उंचीवर हवी. म्हणजे पळतापळता ती दाबता येते. ती दाबायला कोणाची परवानगी लागत नाही. सुपरवायझरची नाही, ठेकेदाराची तर नाहीच. कामावर पहिल्या दिवशी सांगायची ही पहिली गोष्ट असायला हवी.

सगळ्या डब्या आणि पेट्या तारांनी एका पॅनेलला जोडलेल्या असतात. साध्या पॅनेलमध्ये तारेच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर लावलेला असतो आणि तारेतून सतत अगदी थोडा प्रवाह वाहत असतो. तो प्रवाह ठरल्याइतका असेल तर सर्व ठीक. तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा कोणी डबी काढून नेली की प्रवाह थांबतो आणि पॅनेल ‘फॉल्ट’ दाखवते. डिटेक्टरने धूर ओळखला किंवा कोणी काच फोडली की प्रवाह वाढतो आणि पॅनेल ‘फायर’ दाखवते. म्हणजे ही यंत्रणा चोवीस तास स्वतःचीच तपासणी करत असते. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. पिवळा दिवा महिनोन्‌महिने पेटलेला आहे आणि कोणी विचारत नाही, याचा अर्थ यंत्रणा मदत मागते आहे आणि आपण ऐकत नाही.

मोठ्या इमारतीत प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे पॅनेलवर थेट ‘दुसरा मजला, पॅकिंग विभाग’ असे येते. साध्या यंत्रणेत फक्त विभाग कळतो आणि जागा शोधावी लागते.

आग लागली की वीज आधी जाते किंवा अग्निशमन दल ती बंद करते. म्हणून पॅनेलला स्वतःची बॅटरी लागते. ती दर काही वर्षांनी बदलावी लागते. बदलली नाही तर ऐन वेळी पॅनेलही अंधारात.

शेवटी आवाज. हूटरचा आवाज किमान ६५ डेसिबल, आणि जिथे यंत्रांचा गोंगाट असतो तिथे त्या गोंगाटाहून किमान ५ डेसिबल जास्त असावा, असा संकेत आहे. झोपण्याच्या जागी उशीजवळ ७५ डेसिबल लागतात. हा आवाज शिफ्टच्या घंटेपेक्षा वेगळा ओळखू यायला हवा. नाहीतर लोक समजतात, जेवणाची सुट्टी झाली. कानात बोळे घालून मशीन चालवणाऱ्यासाठी आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लुकलुकणारा दिवाही हवा.

नवव्या मजल्याला कोणी सांगितलेच नाही

ही लढाई एकट्या उरवड्याची नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीत आग लागली. कंपनी आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होती. आग आठव्यावर लागली. तिथून दहाव्या मजल्यावरच्या कार्यालयात फोन गेला, तिथले बहुतेक जण वाचले. मधल्या नवव्या मजल्यावर शिलाई करणाऱ्या मुलींना कोणी कळवलेच नाही. इशारा देणारी घंटा नव्हती. आग त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हाच त्यांना आग लागल्याचे कळले. आणि त्या धावल्या तर जिन्याचे एक दार कुलूपबंद. १४६ जण गेले. बहुतेक तरुण मुली होत्या, स्थलांतरित कुटुंबांतल्या.

त्या आगीनंतर न्यूयॉर्कमध्ये कामगार आणि महिला रस्त्यावर उतरल्या, चौकशी आयोग बसला आणि कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे बदलले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या. आपल्याकडे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली झाली. कामगार दमलेला, घाबरलेला आणि मुका ठेवला की त्याची सुरक्षा कागदावरच राहते, हे ज्याला कळते त्याला या दोन्ही घटनांमधला धागा दिसेल.

आपल्या आजूबाजूलाही पाहा. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साडीच्या दुकानात पहाटे आग लागली. आत झोपलेले ५ कामगार गेले, कारण शटर बाहेरून बंद होते. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलझड्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. तिथेही प्रामुख्याने महिलाच गेल्या. दर वेळी गाव वेगळे, माल वेगळा. आत पगारासाठी बसलेली माणसे मात्र त्याच थरातली. शटरला बाहेरून कुलूप असेल तर जगातला सर्वांत महाग अलार्मही आतल्या माणसाला फक्त एवढेच सांगेल की तू मरणार आहेस.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. इमारतीतील आगीची यंत्रणा बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, असे तो स्पष्ट सांगतो. यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. ‘फायर एनओसी आहे का?’ असे विचारले तर दहा वर्षांपूर्वीचा कागद दाखवतात. ‘या जुलैचा फॉर्म बी दाखवा’ म्हटले की समोरच्याला कळते, विचारणाऱ्याला माहीत आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम ३८ सांगत होते की आग लागल्यास सर्वांना सुरक्षित बाहेर पडता आले पाहिजे. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या कारखान्यात तर प्रत्येक कामगाराला बाहेर पडण्याचा मार्ग माहीत असला पाहिजे आणि त्याचा सराव दिलेला असला पाहिजे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि धोका दिसला तर तो लक्षात आणून देण्याचा हक्क दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामगाराचा माहितीचा हक्क आहे. भोपाळच्या हजारो मृत्यूंनंतर हा हक्क लिहिला गेला, म्हणून तो वापरायला संकोच करू नये.

यंत्रणा असून का फसते

बहुतेक ठिकाणी दोष यंत्रात कमी आणि सवयीत जास्त असतो. दोनदा खोटा अलार्म वाजला की कोणीतरी पॅनेल ‘सायलेंट’ करून ठेवतो. नवीन डब्यांवरची प्लास्टिकची झाकणे बांधकामानंतर काढलीच जात नाहीत. रंगकाम करताना डबीवरही हात फिरतो आणि जाळी बुजते. लाल पेटीसमोर खोक्यांची थप्पी लागते. अलार्म वाजला तरी ‘आधी बघून येऊ’ म्हणून सुरक्षारक्षक निघतो आणि तेवढ्यात मिळालेली मिनिटे जातात. आणि सर्वांत मोठी गोष्ट, अलार्म वाजला म्हणून जागा सोडली तर खाडा धरतील ही भीती. ही भीती असेल तिथे हूटर कितीही मोठा असला तरी हात मशीनवरच राहतो.

खोट्या अलार्मवर उपाय आहे. डिटेक्टर साफ करणे, चुकीच्या जागेचा बदलणे, स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर लावणे. बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे.

आपल्या जागांचे काय?

कारखान्याकडे बोट दाखवताना आपले विहार, वसतिगृहे आणि अभ्यासिका तपासू. बुद्ध पौर्णिमेला मेणबत्त्या आणि दिवे लागतात. शेजारीच कापडी पडदे, सजावटीचा थर्माकोल, तात्पुरती वायरिंग असते. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले-मुली तिसऱ्या मजल्यावरच्या किंवा तळघरातल्या अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतात. एकच अरुंद जिना, त्याच जिन्याखाली वीजमीटर, खिडक्यांना लोखंडी गज. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलातील क्लासमध्ये २२ विद्यार्थी गेले, त्यांतल्या काहींनी जीव वाचवण्यासाठी वरून उड्या मारल्या होत्या. अशा इमारती आपल्या शहरांतही आहेत.

लहान विहाराला किंवा दहा खोल्यांच्या वसतिगृहाला मोठे पॅनेल परवडत नसेल तर बॅटरीवर चालणारे सुटे स्मोक अलार्म मिळतात. डबीतच भोंगा असतो. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत आणि मधल्या मार्गिकेत एकेक बसवावा, महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून पाहावा. सोबत हाताने वाजवायची मोठी घंटा ठेवावी. आणि गजाच्या खिडकीपैकी निदान एक आतून उघडणारी करून घ्यावी.

या महिन्यात करता येईल असे

प्रत्येक शाखेने, युवा मंडळाने किंवा चार मित्रांनी मिळून एक जागा निवडावी. आपले कामाचे ठिकाण, अभ्यासिका, वसतिगृह किंवा विहार. तिथे एवढे पाहावे:

१. पॅनेलवर कोणता दिवा पेटला आहे? पिवळा असेल तर किती दिवसांपासून?
२. लाल पेटी कुठे आहे आणि तिथपर्यंत मोकळी वाट आहे का?
३. बाहेर पडायचे दार आतून, किल्लीशिवाय, एका हाताने उघडते का? काम चालू असतानाही?
४. मागच्या वेळी सराव कधी झाला? त्यात कंत्राटी कामगार, सफाई कामगार आणि रात्रपाळीचे लोक होते का?
५. शेवटचा फॉर्म बी कोणत्या महिन्याचा आहे?
६. बाहेर आल्यावर जमायची जागा कोणती? कोण आले, कोण राहिले हे मोजण्याची यादी कोणाकडे असते?

सहावा प्रश्न किरकोळ वाटेल. पण रोजंदारीवर आलेल्या ताईंचे नाव अनेकदा हजेरीवर त्या दिवशी लिहिलेलेच नसते. आत किती जण आहेत हे बाहेर कोणालाच सांगता येत नसेल, तर अग्निशमन दलाने कोणाला शोधायचे?

उत्तरे लिहून काढा, तारीख टाका आणि व्यवस्थापनाला लेखी द्या. एकट्याने देऊ नका. एकट्याचे काम जाते, दहा जणांच्या सह्या असल्या की विचार करावा लागतो. उत्तर आले नाही तर अग्निशमन विभागाकडे, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा आणि पोच घ्या.

उरवड्यात भिंत फोडावी लागली. पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत आपली माणसे आजही कामाला जाणार आहेत. त्यांनी संध्याकाळी घरी यावे म्हणून उद्या सकाळी आपल्या जागेचे मागचे दार एकदा आतून उघडून पाहा.